हलका बार, दाट पेरा : क्ले शूटिंगसाठी काडतूस निवडताना

आमच्या घरात बारा बोअरची दुनळी आहे, आजोबांपासूनची. रावेर-यावल पट्ट्यात ज्यांची केळी आहे त्यांना रानडुक्कर काय करतं ते सांगायला नको, एका रात्रीत अख्खी बाग उकरून जातं, म्हणून पीक संरक्षणाचं लायसन्स. आप्पा, म्हणजे माझे वडील, ती बंदूक वर्षातून एकदा पुसायला काढतात, उडवतात क्वचितच, पण काडतुसाबद्दल त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, छर्रा जाड पाहिजे आणि बार जड पाहिजे, बाकी सगळा पोरखेळ. मीही तेच डोक्यात घेऊन क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडणार्‍या थाळ्या बंदुकीने फोडायच्या खेळाला, गेलो आणि पहिल्याच दिवशी चांगलीच जिरली.

झालं काय, पुतणी ट्रॅप, म्हणजे त्याच खेळाचा एक प्रकार, शिकायला लागली, तिला रेंजवर नेता-आणता चाळिशीत मलाही किडा चावला. मेंबरशिप घेतली, लायसन्सचे हेलपाटे घातले, एक सेकंडहँड ओव्हर-अंडर घेतली. ओव्हर-अंडर म्हणजे दुनळीच, पण नळ्या शेजारी-शेजारी नसून एकीवर एक. मग काडतुसं घ्यायला दुकानात गेलो, म्हटलं क्लेसाठी द्या, त्याने समोर जो माल पडला होता तो दिला, वर म्हणे एकदम पॉवरफुल आहे साहेब. चार डबे घेतले, शंभर काडतुसं. रेंजवर पोचलो तर तिथल्या ऑफिसरने डबा हातात घेतला, उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि जसा घेतला तसा परत दिला. "हे इथे नाही उडवायचं काका." छर्रा तीन मिलिमीटरच्या वर होता.

तेव्हा वाटलं काय फालतू बाऊ करतात, पण त्यामागे साधं गणित आहे आणि ते पाठ करण्यासारखं आहे. शिशाचा गोल छर्रा जास्तीत जास्त किती लांब जाऊन पडतो याचा एक जुना ठोकताळा आहे, जूर्नेचा नियम म्हणतात त्याला, आपल्या मापात बसवला तर छर्‍याच्या जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ८० मीटर. म्हणजे २.४ मिलिमीटरचा छर्रा १९० मीटरपर्यंत, २ मिलिमीटरचा १६० पर्यंत, आणि मी नेलेला तीनच्या वरचा, तो गेला अडीचशे मीटरपर्यंत. रेंजच्या पुढे जी मोकळी जागा राखून ठेवलेली असते ती बारीक छर्‍याचा हिशोब धरून. माझा छर्रा कदाचित कुंपणापलीकडे कोणाच्या वावरात पडला असता. त्यामुळे कधीही कोणत्या रेंजवर गेलात तर आधी तिथला नियम विचारा, मग दुकानात जा, मी उलटं केलं आणि ती शंभर काडतुसं कपाटात तशीच पडून आहेत.

आता मुळापासून. काडतुसात चार गोष्टी, बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, तिच्यावर दारू, दारूवर प्लास्टिकचा वॅड, आणि वॅडच्या वाटीत छर्रे. तोंड दुमडून बंद केलेलं असतं, द्रोणाची कडा दुमडावी तसं. घोडा ओढला की टोपी पेटते, दारूचा गॅस वॅडला ढकलतो, वॅडची वाटी छर्‍यांना घेऊन नळीतून बाहेर पडते, बाहेर आल्यावर वाटीच्या पाकळ्या उघडतात, वाटी मागे राहते आणि छर्रे पुढे जातात. काडतूस निवडायचं म्हणजे खरं तर तीनच प्रश्न, छर्रा केवढा, एकूण छर्रे किती ग्रॅम आणि वेग किती. चौथा प्रश्न, छर्रा किती कडक, तो डब्यावर बर्‍याचदा लिहिलेलाच नसतो.

आणि फोडायचं काय तर क्ले. नाव क्ले पण त्यात माती नसते, डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी यांची बनवलेली पातळ थाळी, आमच्या घरात तिला बशी म्हणतात कारण दिसते उलट्या बशीसारखी. व्यास ११० मिलिमीटर, उंची २५ च्या आसपास, वजन शंभर-सव्वाशे नाही, १०५ ग्रॅम, पाचेक ग्रॅम इकडेतिकडे. आधी या खेळात खरी कबुतरं सोडायचे, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झालेली आहे, खरोखर मातीची थाळी अमेरिकेत सिनसिनाटीच्या लिगोव्स्की नावाच्या माणसाने १८८० मध्ये काढली, आणि बरं झालं काढली.

ट्रॅपमध्ये बशी तुमच्यापासून लांब पळते. तुम्ही उभे, समोर १५ मीटरवर खंदक, त्यात १५ मशीन, तुम्ही आवाज दिला की त्यातल्या तुमच्या समोरच्या तीनपैकी कुठल्यातरी एका मशीनमधून बशी सुटते, डावीकडे उजवीकडे सरळ, काही सांगता येत नाही, आणि न फोडता सोडली तर ७६ मीटरवर जाऊन पडेल अशी सेट केलेली असते. चांगला नेमबाज पहिल्या बारात तिला साधारण ३३-३५ मीटरवर गाठतो, हुकली तर दुसरा बार, तोवर ती चाळिशीकडे गेलेली असते. स्कीटमध्ये मात्र दोन बाजूला दोन घरं, एक उंच एक बुटकं, बशा समोरून आडव्या जातात आणि बहुतेक बार वीस मीटरच्या आतबाहेर होतात. बारही एका बशीला एकच. या दोन खेळांना एकच काडतूस का चालत नाही, ते या अंतरांमध्येच आहे.

हे सगळं मला डोक्यात बसलं ते पेरणीच्या भाषेत. पाभर चालवताना तुम्ही एकरी बियाणं किती ते ठरवता, बी केवढं आहे ते बघता, आणि उगवून आल्यावर सगळ्यात आधी बघता नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, कुठे पडल्या. छर्‍याचं अगदी तेच. नळीतून निघालेले छर्रे पुढे जाता जाता पसरतात, ३५ मीटरवर कागद लावला असता तर त्यावर ठिपक्यांचा एक गोल दिसला असता, त्याला पॅटर्न म्हणतात. हा गोल म्हणजे तुमचं वावर. त्यात बशी मावेल एवढी नांगी राहिली तर नेम बरोबर असूनही बशी सुखरूप निघून जाते, आणि आपण म्हणतो आज बंदूकच चालत नाहीये.

आकडे बघा. हिशोबाचा नेहमीचा गोल ७६ सेंटिमीटर व्यासाचा, त्याचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे छर्रे भरतात जवळपास ३००. घट्ट चोक, म्हणजे नळीचं तोंड आवळलेलं, असेल तर ३६-३७ मीटरवर त्यातले सत्तर टक्के त्या गोलात पडतात, म्हणजे २१०. आता बशी पूर्ण तोंड दाखवत असेल तर तिचं क्षेत्र ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्या वाट्याला सरासरी चार-साडेचार छर्रे. मस्त. पण ट्रॅपची बशी तुमच्याकडे पाठ करून पळते, दिसते तिची फक्त कड, अकरा बाय अडीच सेंटिमीटरची एक फट, २५-२६ चौरस सेंटिमीटर, आणि तिच्या वाट्याला सरासरी किती, तर सव्वा छर्रा! मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय असंच वाटलं. सरासरी सव्वा म्हणजे कुठे दोन-तीन तर कुठे एकही नाही. मधोमध पेरा दाट असतो, कडेला विरळ, म्हणून तर नेम मध्यावर पाहिजे. एकाच छर्‍यानेही बशी कधी फुटते, पण त्याचा भरवसा नाही, दोन-तीन लागले पाहिजेत. आणि पंच बघतो काय, तर निदान एक तुकडा उडालेला दिसला पाहिजे, नुसती धूळ उडाली तर ती बशी गेली, मार्क नाही.

मग तुम्ही म्हणाल एवढं आहे तर छर्रा अजून बारीक घ्या ना, जास्त मावतील. बरोबर, २ मिलिमीटरचे घेतले तर त्याच २४ ग्रॅममध्ये जवळपास ५०० मावतात. पण हवा मध्ये येते. मूठभर वाळू जोरात फेकून बघा आणि मूठभर खडी फेकून बघा, वाळू चार हातांवर थबकते, कारण दाणा बारीक झाला की त्याचं वजन झपाट्याने कमी होतं आणि हवेला भिडणारा भाग तेवढा कमी होत नाही. २ आणि २.४ यात जाडीचा फरक पाचवा हिस्सा, पण वजनात २.४ चा छर्रा १.७ पट भारी. वीस मीटरवर बारीक छर्‍यात भरपूर जोर असतो, म्हणून स्कीटला २ मिलिमीटर, डोळे झाकून. ३५-४० मीटरवर त्याचा दम गेलेला असतो, बशीच्या कडेला लागून नुसतंच ओरखडतो, तिथे २.४ पाहिजे. चाळीस मीटरवर जाईपर्यंत २.४ चासुद्धा वेग सुरुवातीच्या अर्ध्याच्या जरा वर उरलेला असतो, मग विचार करा.

रेंजवरून मी जमिनीवर पडलेले चार छर्रे खिशात घालून घरी आणले होते, आप्पांना दाखवायला. त्यांनी तळहातावर घेतले, चष्मा वर केला, बोटाने फिरवले. "हे त मोहरी व्हय रे! याच्यानं काय होईन?" मी म्हटलं आप्पा डुक्कर नाही मारायचं, बशी फोडायची आहे. त्यांनी ते चारही छर्रे पारावरच्या फटीत टाकून दिले. शिसं आहे म्हणून हात धुवा म्हटलं तर तेही नाही. (तुम्ही धुवा मात्र, रेंजवरून आल्यावर साबणाने, जेवायच्या आधी. थट्टा नाही.)

नंबरांचा घोळ हा वेगळाच वैताग. डब्यावर कुठे साडेसात, कुठे सात, कुठे नऊ, कुठे साडेनऊ लिहिलेलं असतं आणि प्रत्येक देशाचा नंबर वेगळा. नंबर वाढला की छर्रा बारीक, एवढं सगळीकडे सारखं. अमेरिकन नंबराची युक्ती सोपी आहे, १७ मधून नंबर वजा करा, जे उरेल ते इंचाचे शंभरावे भाग. साडेसात नंबर म्हणजे साडेनऊ शतांश इंच, २.४ मिलिमीटर. नऊ नंबर म्हणजे आठ शतांश इंच, २ मिलिमीटर. इंग्लिश सात नंबर हा अमेरिकन साडेसातच्या जवळपास पडतो, म्हणजे दोन डब्यांवर वेगळे नंबर आणि आत माल एकच. म्हणून माझं सरळ म्हणणं, नंबर सोडा, मिलिमीटर वाचा. चांगल्या डब्यावर आणि बर्‍याचदा काडतुसाच्या अंगावरही ते छापलेलं असतं.

ग्रॅमचा प्रश्न ऑलिम्पिकच्या खेळात आपल्यासाठी कोणीतरी आधीच सोडवून ठेवलाय. आंतरराष्ट्रीय नियमात छर्‍यांचं वजन जास्तीत जास्त साडेचोवीस ग्रॅम, छर्रा जास्तीत जास्त २.६ मिलिमीटर, काडतूस उडाल्यानंतरची लांबी जास्तीत जास्त ७० मिलिमीटर, बस. पूर्वी ३२ ग्रॅम चालायचे, मग २८ झाले, नव्वदच्या दशकापासून २४, आणि दरवेळी लोक ओरडले की आता स्कोअर पडणार, तसं काही झालं नाही, २४ ग्रॅमवर १२५ पैकी १२५ मारणारे आहेत. इंग्लंडात क्लबच्या खेळात २८ ग्रॅम चालतात, अमेरिकन ट्रॅपला ३२ पर्यंत, त्यामुळे इंटरनेटवर कोणीतरी अमेरिकन सांगतो अमुक घ्या म्हणून तसं करू नका, तो वेगळा खेळ खेळतोय.

पण समजा नुसती प्रॅक्टिस आहे, नियमाचं बंधन नाही, मग २८ का नको, चार ग्रॅम जास्त म्हणजे पन्नास छर्रे जास्त, पेरा दाट. इथे आप्पांचा जड बार माझ्या खांद्यावर उतरला. त्याच बंदुकीतून त्याच वेगाने २४ ऐवजी २८ ग्रॅम उडवले तर धक्क्याची ताकद साधारण सव्वापट होते. एका बाराला कळतही नाही. पण ट्रॅपची पूर्ण मॅच १२५ बशांची, त्यात कितीतरी वेळा दुसरा बार. पन्नासाव्या-साठाव्या बारापासून शरीर आपोआप घाबरायला लागतं आणि गंमत म्हणजे ते तुम्हाला कळत नाही. मी तर छातीठोकपणे सांगायचो की मला धक्का लागतच नाही.

एका रविवारी पुतणीने कोचला विचारून माझी काडतुसं स्वतः भरून द्यायला सुरुवात केली, मी म्हटलं वा, सेवा करते काकाची. सातव्या की आठव्या बशीला तिने गुपचूप डमी भरलं, ज्यात काहीच नसतं. मी आवाज दिला, बशी सुटली, घोडा ओढला, खट. बार नाही, काही नाही, आणि तरी माझ्या नळीचं तोंड वीतभर खाली गेलं आणि डोळे मिटलेले. मागे चार-पाच जण उभे होते, सगळे हसले, कोच नाही हसला, तो फक्त म्हणाला आता कळलं ना, बशी वरून निघून जात नाही, बार खाली जातोय. तेव्हापासून मी २४ वर आलो आणि काही महिने तर २१ ग्रॅमसुद्धा वापरले. पेरा थोडा विरळ झाला पण डोळे उघडे राहायला लागले, आणि फुटलेल्या बशा वाढल्या. नवशिक्याला, बाईमाणसाला, पोरांना जड बार देणारा माणूस मला आता दुष्ट वाटतो, मग तो कितीही अनुभवी असो. एक अडचण मात्र सांगतो, सेमी-ऑटो बंदूक असेल तर फार हलका बार तिचं यंत्र मागे ढकलायला पुरत नाही, रिकामं काडतूस आतच अडकतं. ओव्हर-अंडरला हा त्रास नाही.

वेगाबद्दल दुकानात सगळ्यात जास्त भुलवतात. फास्ट, सुपरफास्ट, डब्यावर विजेचं चित्र. सेकंदाला ३६५ मीटर आणि ३९५ मीटर अशी दोन काडतुसं घ्या, दुसरं जोरदार वाटतं ना? वीस मीटर जाताना दोघांत फरक पडतो सेकंदाच्या हजाराव्या भागातले चार-पाच. तेवढ्यात आडवी जाणारी बशी सरकते दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढी. पाऊण मीटरच्या गोलापुढे हे काय आहे, आणि त्याच्या बदल्यात धक्का वाढतो, आणि सुरुवातीचा जास्तीचा वेग हवा लगेच खाऊन टाकते, जितकं जोरात जाल तितकी हवा जास्त अडवते. वेग कितीही ठेवा, पण एकच ठेवा. आज हा डबा उद्या तो डबा केलं की डोळ्याला बशीच्या किती पुढे धरायचं त्याची सवयच लागत नाही.

ज्यावर पैसे घालवावेत असं मला वाटतं ती गोष्ट म्हणजे छर्‍याचा कडकपणा. शुद्ध शिसं मऊ, नखाने ओरखडा पडतो, त्यात अँटिमनी मिसळली की कडक होतं. स्वस्त काडतुसात अँटिमनी दोन-तीन टक्के, चांगल्या ट्रॅपच्या काडतुसात पाचाच्या आसपास. बार सुटतो त्या क्षणी मागचे छर्रे पुढच्यांवर आदळून चेपतात, नळीच्या अरुंद भागातून जाताना अजून चेपतात. गोल छर्रा सरळ जातो, चेपलेला भलतीकडे जातो, चपटा दगड फेकल्यावर वळतो तसा. म्हणजे तुम्ही विकत घेतले तीनशे पण कामाला आले कमी. स्कीटला वीस मीटरवर हे चालून जातं, उलट थोडं पसरलेलं बरंच. ट्रॅपच्या दुसर्‍या बाराला नाही चालत. म्हणून आमच्याकडे पुतणी पहिल्या बाराला साधं आणि दुसर्‍याला कडक छर्‍याचं महागडं काडतूस ठेवते, डब्याच्या दरात फरक पडतो पण निम्मीच लागतात.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाला थोडी आवळलेली जागा. फवारणीच्या पंपाचा नोझल फिरवून बघा, सैल केला की फवारा रुंद आणि जवळ, आवळला की धार लांब. फुल चोक म्हणजे साधारण एक मिलिमीटर आवळणं, हाफ म्हणजे अर्धा, आणि स्कीटला जवळपास उघडंच. जुन्या हिशोबाने ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, फुल चोक ७० टक्के छर्रे गोलात टाकतं, हाफ ६०, उघडी नळी ४०. हे सांगायचं कारण असं की लोक काडतूस बदलत बसतात आणि चोक बघतच नाहीत. उघड्या नळीवरून हाफ चोकवर गेल्याने जो फरक पडतो तो चार ग्रॅम छर्‍याने पडत नाही, आणि चोकला धक्का नसतो. स्टीलचे छर्रे कधी हातात आले तर मात्र आधी बंदूकवाल्याला विचारा, शिशापेक्षा हलके आणि फार कडक, जुन्या घट्ट चोकमधून उडवायचे नाहीत.

आपल्या खान्देशचा म्हणून एक खास मुद्दा, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याच्याही वर. दारू तापली की जास्त झपाट्याने जळते, नळीत दाब वाढतो, तेच काडतूस जास्त कडक लागतं. मी एकदा पूर्ण दुपार डबे डिकीत ठेवले होते आणि संध्याकाळी वाटलं कोणीतरी २८ ग्रॅम भरलेत. आता थर्माकोलच्या पेटीत ठेवतो, बर्फ न घालता, कोरडं, कारण ओल ही उन्हापेक्षा वाईट. उन्हाचा एक फायदाही आहे, तापलेली हवा विरळ असते, थंडीतल्या पहाटेच्या मानाने दहा-बारा टक्के, छर्रा किंचित जास्त जोर धरून ठेवतो. पण त्याच दिवसात वावटळ उठते आणि बशी हातभर उडी मारते, त्यामुळे फायदा तिथेच फिटतो.

आणि आता जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते. घरातली जुनी बंदूक घेऊन कोणी क्लेला जाणार असेल तर आधी तिचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, किती मिलिमीटरचं ते बंदूकवाल्याकडून मोजून घ्या. जुन्या कितीतरी बंदुका ६५ मिलिमीटरच्या आहेत. ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, इथेच लोक फसतात, कारण तोंड दुमडलेलं असताना ते साठच्या आतबाहेर असतं, ७० ही उडून तोंड उघडल्यावरची लांबी. उघडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात जाऊन अडतं आणि दाब कुठच्या कुठे जातो. दुसरं, वीस बोअरचं, म्हणजे बाराहून बारीक, काडतूस बारा बोअरच्या खिशात कधीही मिसळू देऊ नका. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून मध्येच अडकतं, वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं, माणूस अजून एक भरतो आणि मग नळी फुटते, हातासकट. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची ठेवायची रीत आहे. आप्पांची दुनळी ६५ चीच निघाली. त्यांना सांगितलं तर म्हणाले मला काय करायचं आहे बशांचं.

खरेदी करताना लायसन्सवर वर्षाला किती काडतुसांची मुभा आहे ते बघूनच हिशोब मांडा, त्यात उगाच चार प्रकारचे चार-चार डबे घेऊन वाया घालवू नका. प्रत्येकाचा एकेक डबा घ्या, कागदावर उडवा, मग जे बसेल त्याचा लॉट नंबर सारखा बघून एकदम घ्या.

कागदावर कसं, तर रेंजवरच, परवानगी काढून. मीटर-सव्वा मीटरचा कागद, आम्ही केळीच्या खोक्यात घालतो तो जाड ब्राऊन कागद चिकटवून चिकटवून केला. ट्रॅपसाठी ३५ मीटरवर, स्कीटसाठी २० वर, तुम्ही बशी जिथे फोडता तिथेच. मध्ये एक ठिपका, त्यावर एक बार. मग कागद खाली काढून ठिपका सोडून द्या, छर्रे जिथे सगळ्यात दाट आहेत तिथे केंद्र धरून ३८ सेंटिमीटरची दोरी फिरवून गोल काढा आणि मोजा. एका बाराने काही कळत नाही, प्रत्येक काडतुसाचे निदान पाच कागद. मी दोन ब्रँडचे पाच-पाच केले. एकाचे सरासरी १७२ आले, दुसर्‍याचे २०४, बंदूक तीच, चोक तोच, डब्यावर लिहिलेलं सगळं तेच, २४ ग्रॅम आणि २.४ मिलिमीटर.

दहा कागद घरी आणून ओसरीवर पसरले होते, मोजणं अर्धं राहिलं होतं, चहा घेऊन आलो तर आप्पा गुडघ्यावर बसून पेन्सिलीने एकेक भोकावर टिंब देत होते, दहा झाले की एक रेघ, बाजाराच्या हिशोबासारखं. कमी छर्‍यांच्या कागदावर उजव्या हाताला बशीपेक्षा मोठी मोकळी जागा होती, त्यावर त्यांनी पेन्सिल आपटली. "हे पाय, नांग्या." मग पुढचा कागद ओढला, डोळे बारीक करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे वरच्या नळीचे झाले. खालच्या नळीचे कागद कुठं आहेत?"